पायांची वहिवाट

परप्रांतात किंवा परदेशात राहणारा मराठी अथवा कोंकणी माणूस आपला कशावरून ओळखावा, असा प्रश्न निघाला म्हणजे आपल्या सभांतून बहुधा एकच उत्तर मिळते: भाषेवरून. हे उत्तर खोटे नाही. ते अपुरे आहे, आणि अपुरे उत्तर पुरे म्हणून वर्षानुवर्षे चालविले की त्याची फळे खोट्या उत्तरासारखीच लागतात. भाषा जिभेवरून उतरल्यावरही जो आपला राहिला तो, आणि भाषा निर्दोष असूनही जो आपला राहिला नाही तो, अशी दोन्ही तऱ्हेची माणसे प्रत्येकाच्या पाहण्यात असतील. त्यांतल्या पहिल्याला आपल्यात कोणी राखले? माझे म्हणणे असे की पुष्कळदा त्याच्या पायांनी राखले. देवळाच्या अंगणात फेर धरणाऱ्या, टाळाच्या ठेक्यावर पावली टाकणाऱ्या, फुगडीत गरगरणाऱ्या पायांनी राखले. आणि नेमक्या याच पायांना आज आपली देवस्थाने, आपली मंडळे आणि आपले प्रतिष्ठित लोक अंगणाबाहेर काढीत आहेत; वर त्या कामाला संस्कृतिसंवर्धन असे नाव देत आहेत. माझे भांडण त्यांच्याशी आहे.

तिगाव हे नागपूर-इटारसी लोहमार्गावरील, पांढुर्ण्याच्या शेजारचे गाव. तेथील मराठी शेतकऱ्याला कोणी परप्रांतीय म्हटले तर त्याला हसू यावे, कारण तो कोठून आलेलाच नाही. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी तो ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्याला जोडले गेले. छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला, त्याच्या पोटातील सौंसर आणि पांढुर्णाही राहिले, आणि राजधानी भोपाळला गेली. माणूस जागीच बसला होता, सीमा चालत आली. २०२३ साली सौंसर व पांढुर्णा मिळून निराळा पांढुर्णा जिल्हा झाला, तरी कागद हिंदीत आणि आजीची हाक मराठीत हा क्रम पालटलेला नाही. ज्या वर्षी सीमा आली त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३५० अ हा अनुच्छेद घातला गेला आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय सांगितली गेली. ती सोय पदरात पाडून घेण्यासाठी भांडावे, अर्ज करावेत, न्यायालयात जावे. त्यात मी कोणाच्याही मागे नाही. परंतु तिगावच्या मराठीपणाचा सगळा दावा शाळेच्या माध्यमावर उभारणारा वकील तो दावा हरेल, आणि हरण्याचे खापर मग पोरांच्या माथी फोडील.

कायद्यात वास्तव्य आणि अधिवास यांत फरक करतात. माणूस कोठे राहतो हे डोळ्यांनी दिसते. पण त्याने कोणते स्थान आपले मानले आहे हे त्याच्या मनातले असते, आणि मनातले न्यायालयाला दिसत नाही. म्हणून न्यायालय त्याच्या तोंडच्या घोषणांवर फारसे विसंबत नाही, त्याचे वागणे पाहते. त्याहूनही या प्रश्नाला जवळचा असा आपल्याकडे एक जुना शब्द आहे, वहिवाट. शेजाऱ्याच्या शेतातून जाणारी पायवाट उघडपणे, तंटा न करता, हक्काने आणि खंड न पडता वीस वर्षे चालली गेली, तर १८८२ च्या सुविधाधिकारांच्या कायद्याने तो हक्क पक्का होतो. (हा कायदा आरंभी मद्रास, मध्य प्रांत आणि कुर्ग एवढ्यांनाच लागू होता, मुंबई इलाख्याला तो १८९१ साली मिळाला. म्हणजे वहिवाटीचा हा कायदा तिगावला पुण्याच्या आधी आला, हे पुणेकरांनी ध्यानात घ्यावे.) त्याच कायद्यात पुढे जे सांगितले आहे ते पक्षकारांना सहसा ठाऊक नसते. पायवाटेचा हक्क मिळाल्यावरही शेवटचे पाऊल पडले त्या दिवसापासून सलग वीस वर्षे कोणी तेथून चालले नाही, तर तो हक्क लयाला जातो. कोणी तो हिरावून घ्यावा लागत नाही, न चालणे पुरते.

आपलेपणा हा मला अशा वहिवाटीसारखा वाटतो. तो दाखल्याने मिळत नाही आणि भाषणाने टिकत नाही.

याचे सर्वांत उघडे उदाहरण मॉरिशसचे आहे. त्या बेटावर १८३४ पासून हिंदुस्थानातील करारबद्ध मजूर उसाच्या मळ्यांसाठी नेले जाऊ लागले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडची, कोंकणपट्टीतली आणि घाटावरची मराठी माणसे होती. ते संख्येने थोडे. भोवती भोजपुरी, तमिळ, तेलुगू मजूर, वर फ्रेंच मळेवाले आणि इंग्रज सरकार, आणि सर्वांच्या तोंडी क्रिओल. त्यांच्याबरोबर ग्रंथसंग्रह नव्हता, राजाश्रय नव्हता. जे होते ते अंगात होते. कोंकणात गणपतीच्या दिवसांत जी जाखडी होते, मध्ये गाणारे आणि ढोलकी, भोवती पायांत चाळ बांधलेल्या गड्यांचा फेर, ती जाखडी त्यांच्याबरोबर समुद्र ओलांडून गेली. तेथील जिभेने तिचे नाव झाकरी केले. आज त्या मजुरांचे वंशज घरात क्रिओल बोलतात, शाळेत इंग्रजी-फ्रेंच शिकतात. मराठी ही त्यांतल्या अनेकांना ऐच्छिक विषय म्हणून भेटते. पण गणेशचतुर्थी आली (ती तेथे सार्वजनिक सुटी आहे) की झाकरीचा फेर धरला जातो, आणि त्या फेरात उभा राहणारा तरुण आपण मराठी आहोत की नाही असा परिसंवाद भरवीत नाही. त्याचा डावा पाय कधी पडावा हे त्याला माहीत असते, आणि शेजारचा चुलता चुकला तर तेही त्याला कळते.

यावर आपल्याकडचे विद्वान म्हणतील की गाण्याचे शब्द धड न समजता नाचणे म्हणजे पोपटपंची. असे म्हणणाऱ्या गृहस्थाने पुढच्या सत्यनारायणाच्या पूजेत संकल्पाचा अन्वय लावून दाखवावा, म्हणजे आपण पुढे बोलू. न कळलेल्या संस्कृताने ज्याचे हिंदुत्व उणावत नाही, त्याने अर्ध्या कळलेल्या मराठीने मॉरिशसच्या माणसाचे मराठीपण उणे करू नये. शब्द विसरला तर पुन्हा शिकता येतो; कोश आहेत, व्याकरणे आहेत. ठेका विसरला तर तो ज्याच्या शेजारी उभे राहून शिकावयाचा तो माणूस जिवंत असावा लागतो.

परदेशापर्यंत जाण्याची तरी काय गरज आहे? याच जाखडीला मुंबईत बाल्या नाच हे नाव पडले. कोंकणातून घरकामाला, गिरणीकामाला आलेल्या आणि कानांत बाळ्या घालणाऱ्या पोरांना शहरातले लोक 'बाल्या' म्हणत, त्यावरून हे नाव आले असे सांगतात. नाव चेष्टेचे होते. ज्यांना ते चिकटले त्यांनी नाच सोडला नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ-यल्लापुराकडे सिद्दी लोक आहेत. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून, बरेचसे गुलाम म्हणून, या किनाऱ्यावर आणले गेले. त्यांच्या मूळ भाषा गेल्या, आज ते कोंकणी बोलतात. कोणी हिंदू, कोणी ख्रिस्ती, कोणी मुसलमान. पण दमाम हे चर्मवाद्य वाजू लागले की तिन्ही धर्मांचे सिद्दी एका नाचात उभे राहतात. तेव्हा जीभ हरली तरी अंग धरून राहते, ही गोष्ट केवळ आपल्या लोकांपुरती खरी नाही.

आता याच्या उलट उदाहरण पाहू, आणि तेही आपल्या अभिमानाच्या जागेचे. तंजावरला १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी स्थापिलेले मराठी राज्य १८५५ पर्यंत नांदले. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळी, म्हणजे १७९८ ते १८३२ या वर्षांत, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु या चार भावांनी तेथे दासीनृत्याच्या कार्यक्रमाला जो क्रम लावून दिला, त्याच क्रमाने आजचे भरतनाट्य उभे आहे. सरफोजींच्या नावावर नृत्यासाठी केलेल्या मराठी रचना आहेत. त्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपून ठेवलेल्या आहेत. हे सांगताना आपले वक्ते फुलून येतात आणि भरतनाट्य मुळात आपले आहे असे ठोकून देतात. मला त्यांना एवढेच विचारावयाचे आहे की त्या मराठी रचना आज कोणाच्या पायांत आहेत? अधूनमधून एखादा अभ्यासक त्या बाहेर काढून रंगमंचावर आणतो, आणि त्या पुन्हा कपाटात जातात. राजा होता, दरबार होता, ग्रंथालय होते, आणि पोथी राहिली. मॉरिशसच्या मजुराजवळ यांपैकी काही नव्हते, आणि त्याचा नाच राहिला.

त्याच तंजावरात दुसरीही एक गोष्ट घडली. मराठी राज्यकाळात तेथे समर्थ संप्रदायाचे मठ झाले, कीर्तन गेले, आणि संतांचे अभंग तमिळ देशाच्या भजनपद्धतीत मिसळले. ते आजही तेथे गाइले जातात; गाणाऱ्यांत पुष्कळांना मराठी येत नाही. मध्ये समई ठेवून तिच्या भोवती भजन म्हणत फेर धरण्याची चाल त्या पद्धतीत आहे, आणि त्या फेरात कचेरीतला कारकून, घरची आजी, शेजारचा पोरगा हे सगळे शिरतात. एकाच नगरात, एकाच राजवटीच्या छायेत, दरबारापुढे जे सादर झाले ते पोथीत गेले आणि समईभोवती जे फिरले ते चालू राहिले. याहून स्पष्ट साक्ष मला न्यायालयातही क्वचितच मिळाली आहे.

या ठिकाणी आपल्या प्रतिष्ठितांचे एक जुने दुखणे उघडे करणे भाग आहे. दरबारी आणि देवळी नाच नाचल्या कोण? बालसरस्वतींसारख्या महान नर्तकीची पूर्वज पापम्माळ तंजावरच्या दरबारी होती. १८८० साली सयाजीराव गायकवाडांचे लग्न तंजावरच्या राजकन्येशी झाले, आणि त्या संबंधाने तंजावरच्या नर्तकी व त्यांचे साथीदार बडोद्याच्या दरबारी आले. गोमंतकात १५६० च्या सुमारास पोर्तुगीजांच्या भयाने मंगेशी कुशस्थळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला गेली. देवांच्या या स्थलांतराचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो, महाजनांची नावे शिलेवर कोरतो. देवापुढे गाणाऱ्या-नाचणाऱ्या कलावंतिणींची नावे त्या शिलांवर नसतात. देवाचा परदेशवास सुसह्य करण्यात त्यांच्या पायांचा वाटा नव्हता काय?

गैरसमज होऊ नये म्हणून स्पष्ट लिहितो. मुलींना देवाला वाहण्याची चाल ही स्त्रीच्या विक्रीवर धर्माचे पांघरूण होती. मुंबईचा १९३४ चा, मद्रासचा १९४७ चा आणि महाराष्ट्राचा २००५ चा कायदा, हे तिन्ही योग्य कायदे होते, आणि ती चाल परत यावी असे म्हणणाऱ्याशी माझे बोलणे संपले. परंतु मुंबईच्या आणि महाराष्ट्राच्या कायद्यांनी वाहणे बंद केले, अंगणातले नाचणे बंद केले नाही. ते आपण केले. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या त्या स्त्रीचा उपभोग घेतला त्यांनीच एके दिवशी तिचा नाच अपवित्र ठरवून तिला पायरीखाली उतरविले. मग तोच नाच मद्रासेत १९३० नंतरच्या दशकात नवे नाव घेऊन, कुलीन घरच्या मुलींच्या अंगावर रंगमंचावर आला, तेव्हा त्याच लोकांनी तिकीट काढून पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजविल्या. नव्या नर्तिकांचे परिश्रम मी कमी लेखीत नाही. पण या उलाढालीत आपण एक भलतीच गोष्ट शिकलो: नाच ही दुसऱ्याने करावयाची आणि आपण पाहावयाची गोष्ट आहे. पूर्वी ती दुसरी बाई हलकी मानली जाई, आता ती गुणी मानली जाते; पाहणारा मात्र तेव्हाही बसलेलाच होता, आताही बसलेलाच आहे.

देवळांतून चालणारे हल्लीचे 'सांस्कृतिक कार्यक्रम' याच शिकवणीचे पोर आहेत. मंडप घातला जातो, मंच उभा राहतो, अंगणात खुर्च्या मांडल्या जातात. पुढे तीन परीक्षक, मागे ध्वनिक्षेपक. मुद्रित गाण्यावर, महिनाभर तालीम केलेल्या आठ मुली, शिवून आणलेल्या नऊवारीत, चित्रपटातली लावणी करतात. आया खुर्चीवरून मोबाईलमध्ये तिचे चित्रण करतात. बक्षीस कोणाला द्यावे यावरून दोन घरांचा अबोला होतो. परदेशातील मंडळांतही हीच तऱ्हा. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे, उत्तर अमेरिकेचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालचे. तेथील अधिवेशनांच्या व्यवस्थेचे मला कौतुक आहे. परंतु दोन हजार माणसे अंधारात बसून उजेडातल्या वीस जणांना पाहतात तेव्हा त्या दोन हजारांना आपलेपणा लाभतो असे ज्याला वाटते, त्याने घरी परतताना त्यांच्या मुलांना विचारावे. त्याच लोकांनी मिरवणुकीत लेझीम हाती घेतली की गोष्ट पालटते, कारण लेझमीच्या शेवटच्या रांगेत ज्याला काही येत नाही त्यालाही उभे राहता येते आणि चौकाच्या टोकाशी पोचेपर्यंत थोडेसे येऊ लागते. नाचाची माझी कसोटी एवढीच आहे: त्यात बेढब माणसाला जागा आहे काय? जेथे ती नाही तेथे कला उत्तम असेल, वहिवाट नाही.

आणि लावणीचे हे सोंग तरी कशासाठी? ज्या कोल्हाटी बायांनी ती कला पोटासाठी आणि उपेक्षा सोसून चालविली, त्यांना आपल्या किती देवस्थानांनी मानाने बोलावून एखाद्या सायंकाळी चौरंगावर बसविले?

गोमंतकातील वाचकांना मांड हा शब्द समजावून सांगावयास नको. पौषाच्या चांदण्या रात्री ज्या अंगणात बाया समोरासमोर ओळी धरून धालो खेळतात त्या जागेला मांड म्हणतात. ती जागा पूजून जागविली जाते, आणि तेवढ्या रात्रींपुरती ती देवाची व बायांची असते. तेथे मंच नसतो, अध्यक्ष नसतो. विदर्भ-खानदेशात याच जातीची भुलाबाई आहे: भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघर फेर धरून, टिपऱ्या खेळत गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यातला खाऊ कोणता ते ओळखतात. भुलाबाईने भोपाळची आणि मुंबईची सीमा कधी मानली नाही. ती मोडली तर सीमेने मोडणार नाही, टाइल्स आणि खुर्च्यांनी मोडेल. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी मोझरीहून निघून या गावोगावच्या भजनी मंडळांपर्यंत पोचली, ती कोणत्याही सरकारच्या सांस्कृतिक धोरणाने पोचली नाही.

पांढुर्ण्याची ख्याती मात्र वेगळ्याच गोष्टीची आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन तीरांवरून पांढुर्णा आणि सावरगाव येथील लोक एकमेकांवर दगड फेकतात. नदीत रोवलेल्या पळसावरचा झेंडा हाती आला की ती गोटमार संपते आणि झेंडा चंडीमातेला वाहतात. माणसे जखमी होतात, काही प्राणांसही मुकली आहेत, आणि वृत्तपत्रांचे छायाचित्रकार दरसाल न चुकता येतात. मला ती चाल पसंत नाही. दगडाने डोके फुटण्यात कोणतीही अस्मिता नाही. पण तिचे एक वर्म समजून घ्यावे. ती टिकून आहे, कारण त्या दिवशी नदीच्या काठावर कोणीही प्रेक्षक म्हणून खुर्चीवर बसत नाही. अंग घालावे लागते. शासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले, बंदोबस्त करून पाहिला, चाल गेली नाही. ज्या समाजाने अंग घालण्याच्या सौम्य वाटा एकेक करून बुजविल्या त्याच्यापाशी कठोर वाट तेवढी उरते, अशी शंका मला येते. आमच्या पोरांवर दुसराही आरोप आहे की ती डीजेपुढे बेभान नाचतात. नाचणारच, अर्ज न करता नाचता येईल अशी ती एकच जागा आम्ही त्यांना ठेवली आहे.

कोणी म्हणेल, जुने रिंगण असे काय मोठे पवित्र होते? त्यात सर्व जातींना प्रवेश होता काय? नव्हता, पुष्कळ ठिकाणी नव्हता, आणि हा आक्षेप मी आतापर्यंतच्या सर्व आक्षेपांत वजनदार मानतो. म्हणूनच जुन्या रिंगणाची प्रत काढा असे मी म्हणत नाही. १९५५ च्या कायद्याने, जो पुढे नागरी हक्क संरक्षणाचा कायदा म्हणून ओळखला जाऊ लागला, धार्मिक रूढी पाळण्यात आणि मिरवणुकीत भाग घेण्यात अस्पृश्यतेच्या कारणाने आडकाठी करणे हा गुन्हा ठरविला आहे. विश्वस्तांनी हे कलम भिंतीवर लावावे. शिवाय या छिंदवाडा मुलुखात आमच्या आधीपासून गोंड आहेत. देवगडचे गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांच्या आधीचे. सैला आणि करमा नाचणाऱ्या त्या शेजाऱ्यांपुढे आम्ही मूळचे कोण आणि आलेले कोण हा वाद जपूनच काढलेला बरा. फेराचा गुण असा की त्याला दर वेळी एक माणूस वाढवून घेता येतो. मंचाला तसे करता येत नाही.

बायांच्या अब्रूची काळजी वाहणारेही काही आहेत. उघड्या अंगणात सुनाबाळींनी फुगडी घालावी हे त्यांना शोभत नाही. त्याच सुनेने झगझगीत दिव्यांखाली, तीनशे परक्यांपुढे चित्रपटगीतावर नाचावे हे मात्र शोभते, कारण तेथे पाहुण्यांच्या हस्ते नारळ फुटलेला असतो. या तर्काचे खंडन करण्याची मला गरज दिसत नाही.

वकिलीच्या निमित्ताने एका देवस्थानाच्या नव्या नियमावलीचा मसुदा नुकताच माझ्यापुढे आला. देवस्थान कोणते ते येथे सांगण्याचे कारण नाही; असे मसुदे आज अनेक ठिकाणी होत आहेत. त्यात सभामंडपाचे भाडे, पादत्राणांची जागा, देणगीच्या पावत्या असे सर्व काही होते, आणि अकराव्या कलमात लिहिले होते की मंदिराच्या अंगणात भजन, दिंडी, फुगडी, टिपऱ्या 'इत्यादी प्रकार' करावयाचे असल्यास पंधरा दिवस आधी लेखी अर्ज करावा, शुल्क भरावे, आणि सहभागी व्यक्तींची यादी जोडावी. हेतू वाईट नव्हता. फरशी नवी आहे, शेजाऱ्यांच्या तक्रारी आहेत, पोलिसांना उत्तर द्यावे लागते. पण जो हक्काने चालतो त्याच्या हाती परवानगीचा कागद दिला की त्या दिवसापासून त्याची वहिवाट थांबते आणि कृपा सुरू होते. कारण परवानगीने चालणारा कितीही वर्षे चालला तरी त्याला हक्क मिळत नाही. हे कलम लिहिणाऱ्याला कायदा माहीत नव्हता. त्याने न कळत आपल्याच आईला आपल्याच अंगणात पाहुणी केले.

मी ते कलम खोडून त्या जागी दुसरे लिहून मसुदा परत पाठविला आहे. कोजागिरीपूर्वी विश्वस्तांची सभा आहे. नवे कलम असे: 'भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, तसेच एकादशीस व देवाच्या उत्सवाच्या तिन्ही दिवशी, सूर्यास्तापासून रात्री दहापर्यंत अंगणात खुर्च्या, मंच व ध्वनिक्षेपक ठेवू नयेत. या वेळी फेर धरणारांस अर्ज, शुल्क अथवा जात विचारू नये. टाळ व टिपऱ्या देवस्थानाने पुरवाव्यात, व मोडल्यास भरून मागू नयेत.'